पीएसपी-१००० परत चालू करतोय: कस्टम फर्मवेअरच्या नोंदी

२ फेब्रुवारी २०२५

दादाचा पीएसपी (सोनीचा हातात धरून खेळायचा गेम कन्सोल) माझ्याकडे आलाय. पीएसपी-१०००, म्हणजे पहिला, जाडावाला, डिसेंबर २००४ मध्ये जपानमध्ये बाजारात आला होता तो. बरीच वर्षं कपाटात पडून होता. स्क्रीन एकदम स्वच्छ आहे, बटणं व्यवस्थित दाबली जातायत, एल आणि आर दोन्ही ट्रिगर टकटक वाजतात. बॅटरी मात्र फुगलीये, इतकी की मागचं झाकण एका बाजूने वर आलंय.

डोक्यात काय आहे ते लिहून ठेवतो म्हणजे मधेच दुसरीकडे भरकटायला नको. या मशीनमध्ये जे जे संपणारं, झिजणारं आहे त्याच्यावरचं अवलंबून राहणं कमी करायचंय. बॅटरी नवीन मिळते. मेमरी स्टिकच्या (सोनीच्या मेमरी कार्डाच्या) जागी मायक्रोएसडी चालतं. पण यूएमडी, म्हणजे पीएसपीच्या कवचातल्या छोट्या डिस्क, त्यांच्या ड्राइव्हमध्ये मोटर आहे, लेझर आहे, गिअर आहेत, तो कधी ना कधी जाणार, आणि नवीन यूएमडी आता कोणी बनवत नाही. ऑनलाइन स्टोअरमधून पीएसपीवर खरेदी करायची सोय जुलै २०२१ मध्ये बंद झाली. म्हणजे मूळ सॉफ्टवेअरवर हे यंत्र ठेवलं तर ड्राइव्ह जाईल त्या दिवशी डिस्कवरच्या गेम्ससाठी ते संपलं. कस्टम फर्मवेअर, म्हणजे हौशी प्रोग्रॅमरांनी बदललेलं सिस्टिम सॉफ्टवेअर, टाकलं तर स्वतःच्या डिस्कची कॉपी कार्डावर ठेवून पुढे कितीही वर्षं खेळता येईल. मला कस्टम फर्मवेअर हवंय ते एवढ्यासाठी, बाकी थीम वगैरे नंतर बघू.

४ फेब्रुवारी

आधी बॅटरी बाहेर काढली. फुगलेल्या लिथियम बॅटरीच्या बाबतीत "एकदा चार्ज करून बघू" असलं काही करायचंच नाही, दाबायची नाही, टोचायची नाही, धातूपासून लांब ठेवायची आणि ई-कचऱ्यात द्यायची. सुदैवाने ही खाचेत अडकली नव्हती, हळूच सरकवत निघाली.

पीएसपी बॅटरीशिवाय नुसत्या अडॅप्टरवर चालतो. ५ व्होल्टचा गोल पिनचा अडॅप्टर लागतो, १००० मॉडेल यूएसबीवरून चार्ज होत नाही, ती सोय २००० मॉडेलपासून आली. लावला, पॉवरचा स्विच वर सरकवला, आणि हिरवा दिवा लागला! तारीख-वेळ विचारली (इतकी वर्षं पॉवर नसल्यावर आतलं घड्याळ गेलेलंच असणार) आणि मग तो ओळखीचा लाटांचा मेनू. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये आवृत्ती ५.०३ दिसतेय, म्हणजे २००९ च्या सुरुवातीपासून याला कोणी हात लावलेला नाही.

यूएमडी टाकून बघितली. ड्राइव्ह घरघरतोय पण वाचतोय. गेम सुरू झाला आणि पात्र आपोआप डावीकडे चालायला लागलं, अॅनालॉग (पात्र फिरवायची छोटी काडी) ड्रिफ्ट होतोय, म्हणजे हात न लावता सरकतोय. ते पण यादीत.

अधिकृत अपडेट करायचं म्हटलं तर अडॅप्टर पण हवा आणि चार्ज झालेली बॅटरी पण हवी, दोन्ही असल्याशिवाय अपडेटर पुढे जाऊच देत नाही. अट जाचक वाटते पण बरोबर आहे, फ्लॅश (आतली मेमरी) लिहिताना मधे वीज गेली तर कन्सोल मेला. तर नवी बॅटरी येईपर्यंत फर्मवेअरचं काम थांबलं.

८ फेब्रुवारी

थांबलोच आहे तर आधी जुन्या मेमरी स्टिकची कॉपी करून ठेवली. १ जीबीची मेमरी स्टिक प्रो ड्युओ. मिनी यूएसबीची केबल शोधायला लागली, मायक्रो नव्हे, त्याच्या आधीची जाड मिनी-बी. सेटिंगमधून यूएसबी कनेक्शन चालू केलं की कॉम्प्युटरला साध्या पेनड्राइव्हसारखं दिसतं.

आत पीएसपी नावाचा फोल्डर, त्यात सेव्हडेटा, आणि त्यात प्रत्येक गेमचा वेगळा फोल्डर, नाव म्हणजे डिस्कचा नंबर आणि पुढे काही अक्षरं. कुठली आवृत्ती ते पहिल्या चार अक्षरांवरून कळतं, यूएलयूएस म्हणजे अमेरिकेतली, यूएलईएस म्हणजे युरोपातली. प्रत्येक फोल्डरमध्ये एक छोटं चित्र आहे, ते उघडलं की सेव्ह कुठल्या गेमचं आहे ते लगेच कळतं. एका रेसिंग गेमचं सेव्ह २००७ चं, त्यात सगळ्या गाड्या अनलॉक झालेल्या.

दादाला फोन केला, म्हटलं दादा, सेव्ह सगळे ठेवू की जागा करू? तो म्हणाला, "अरे एकही उडवू नकोस, त्या गाड्यांसाठी अख्खी सुट्टी घालवलीय मी." सगळं जसंच्या तसं दोन ठिकाणी कॉपी करून ठेवलं. हे सेव्ह कन्सोल बदलला तरी चालतात, गेमची आवृत्ती तीच असली की झालं.

ज्या कोणाला हे काम करायचंय त्यांनी सुरुवात इथूनच करा. फर्मवेअर परत टाकता येतं, पार्ट परत मिळतात, सेव्ह परत मिळत नाहीत.

९ फेब्रुवारी

अॅनालॉग साफ करायला उघडला. १००० उघडायला तसा सोपा आहे, लहान फिलिप्स स्क्रूड्रायव्हर लागतो, पण टोक अगदी बरोबर बसणारं हवं कारण स्क्रू मऊ आहेत, डोकं घासलं गेलं की मग वैताग. काही स्क्रू बॅटरीच्या खाचेत स्टिकरखाली लपलेत. सगळे वेगवेगळ्या लांबीचे, म्हणून कागदावर कन्सोलची आकृती काढून ज्याचा स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवला.

पुढचं कव्हर सरळ वर उचललं की निघतं. आत धूळ म्हणाल तर बटणांच्या रबरांभोवती करड्या रंगाची रिंग झालेली. अॅनालॉगचा जोड म्हणजे रबराचा एक छोटा तुकडा, त्यात वीजवाहक पट्टे, आणि तो बोर्डावरच्या चार सोनेरी पॉइंटवर नुसता टेकलेला असतो. सोल्डरिंग नाही, काही नाही. तोच मळला की व्होल्टेज चुकीचं जातं आणि पात्र आपोआप चालायला लागतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन रबर आणि पॉइंट दोन्ही पुसले, काडी काळी झाली. रबर पूर्ण सुकू दिलं, मग बसवलं.

डिस्प्लेची रिबन मुद्दाम सोडवली नाही. गरज नसताना त्या बारीक कनेक्टरची झडप उघडायची नाही, तुटली तर दुरुस्त करणं फार अवघड. कव्हर बसवलं, अडॅप्टरवर चालू केला, गेममध्ये पात्र जागेवर उभं राहतंय. मस्त वाटलं.

१५ फेब्रुवारी

नवी बॅटरी आली. १८०० एमएएच, जाड्या मॉडेलची. २००० आणि ३००० मॉडेलची बॅटरी पातळ असते, १२०० एमएएचची, तेव्हा घेताना मॉडेल नंबर बघून घ्या. पहिला चार्ज समोर बसून केला, मधूनमधून हात लावून बघत होतो गरम होतेय का ते. नाही झाली. बॅटरी इन्फर्मेशनमध्ये टक्के व्यवस्थित वाढत गेले.

१६ फेब्रुवारी

आज मोठा दिवस. ५.०३ वरून अधिकृत ६.६१ वर गेलो. ही सोनीची पीएसपीसाठीची शेवटची आवृत्ती, जानेवारी २०१५ ची. पुढे काही येणार नाही, म्हणजे अपडेटने कस्टम फर्मवेअर उडेल ही जुनी धास्ती आता उरलीच नाही. पद्धत साधी: गेम फोल्डरमध्ये अपडेट नावाचा फोल्डर करायचा, त्यात ईबूट.पीबीपी ही फाइल ठेवायची, अडॅप्टर लावायचा आणि मेनूतून चालवायची. फाइलचा चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे ना ते सांगणारा आकडा) आधी ताडून घेतला. फाइल अर्धवट उतरलेली असेल तर ते फ्लॅश करतानापेक्षा आधी कळलेलं बरं.

६.६० की ६.६१ हा वाद अजून चालतो. माझं मत, ज्याच्यावर आधीच ६.६० आहे त्याने तिथेच राहावं, बाकीच्यांनी डोळे झाकून ६.६१, आजची कस्टम फर्मवेअर दोन्हीवर चालतात.

आता थोडं मागचं, कारण हे काम आज इतकं सोपं का आहे हे कळलं तर हात थरथरत नाहीत. १.०० आवृत्तीवर पीएसपी सोनीची डिजिटल सही (मंजुरीची खूण) नसलेला प्रोग्रॅम सरळ चालवायचा. १.५० मध्ये ते बंद झालं, पण २००५ मध्येच लोकांनी दोन फोल्डरची एक युक्ती शोधली आणि परत रस्ता उघडला. मग सोनी एक भोक बुजवणार, लोक दुसरं शोधणार, असं वर्षानुवर्षं चाललं. डार्क अॅलेक्स या नावाने लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरची फर्मवेअर त्या काळात सगळ्यांच्या तोंडी होती. २००७ मध्ये पँडोरा बॅटरी आली: बॅटरीतल्या छोट्या चिपवर एक सिरियल नंबर असतो, तो बदलून सगळे एफ केले की पीएसपी सर्व्हिस मोडमध्ये जातो आणि मेमरी स्टिकवरून बूट होतो. म्हणजे १००० मॉडेलचं फर्मवेअर पार बिघडलं तरी तो परत उठवता येतो. आणि शेवटी सोनीच्याच पीएस३ या कन्सोलच्या हॅकिंगमधून पीएसपीच्या सहीच्या किल्ल्याच बाहेर आल्या, त्यामुळे २०११ पासून होमब्रू, म्हणजे हौशी लोकांनी बनवलेल्या, प्रोग्रॅमला सही करून अधिकृत फर्मवेअरवरच चालवता येतं. म्हणून आज कस्टम फर्मवेअर टाकणं म्हणजे दोन फोल्डर कॉपी करणं एवढंच उरलंय. कोणी कोणी रात्ररात्र जागून हे केलं आणि फुकट देऊन टाकलं, याचं मला खरंच मोल वाटतं.

१७ फेब्रुवारी

आर्क-४ हे कस्टम फर्मवेअर टाकलं. प्रो आणि एलएमई हे जुने पर्याय अजून चालतात, पण आर्कवर काम अजून चालू आहे म्हणून ते घेतलं. एआरके_०१२३४ हा फोल्डर सेव्हडेटामध्ये, लोडर (आर्क सुरू करून देणारा प्रोग्रॅम) गेम फोल्डरमध्ये, मग मेनूतून लोडर चालवायचा. स्क्रीन काळी होते, काही ओळी सरसर वर जातात, परत मेनू येतो, आणि सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये ६.६१ च्या शेजारी आर्कचं नाव. झालं! मी ते पान उघडं ठेवून जरा वेळ बघतच बसलो.

हे अजून तात्पुरतं आहे. स्लीपमध्ये टाकला, म्हणजे स्विच एकदा वर सरकवून सोडला, तर टिकतं, पण स्विच धरून पूर्ण बंद केला की परत साधं ६.६१ आणि लोडर परत चालवायचा.

कायमचं करण्याआधी नँडची कॉपी घेतली. पीएसपीच्या आतली फ्लॅश मेमरी म्हणजे नँड, १००० मध्ये ३२ एमबी, कॉपी साधारण ३३ एमबीची होते कारण जादाचे बाइट पण येतात. यात आयडीस्टोरेज नावाचा भाग असतो, त्यात त्या एका कन्सोलपुरत्याच असलेल्या गोष्टी असतात, वाय-फायचा मॅक पत्ता वगैरे. दुसऱ्याच्या पीएसपीचा आयडीस्टोरेज आपल्याला जसाच्या तसा चालत नाही, म्हणून ही कॉपी जपायची. सेव्हच्या शेजारीच ठेवली.

२२ फेब्रुवारी

कायमचं केलं. जाड्या मॉडेलमध्ये बूटचा सुरुवातीचा छोटा प्रोग्रॅम, आयपीएल, तोच बदलून टाकता येतो, कारण त्याच्या आधी चिपमध्ये जे चालतं त्याची तपासणी या जुन्या बोर्डांवर ढिली आहे. पुढे सोनीने ती घट्ट केली, म्हणून ३००० वगैरे मॉडेलवाले बहुतेक जण इन्फिनिटी नावाचं सॉफ्टवेअर वापरतात, डेव्ही नावाच्या प्रोग्रॅमरचं. आपल्याकडे १००० आहे तर सरळ रस्ता.

बॅटरी पूर्ण भरलेली, अडॅप्टर लावलेला, फ्लॅशर चालवला. काही सेकंदांचं काम. मग पूर्ण बंद केला, बॅटरी पण काढली, परत लावली, चालू केला. आर्क थेट वर. आता हा पीएसपी कोणाच्याही हातात दिला तरी "आधी लोडर चालव" असं समजावून सांगायला नको, आणि माझ्या मते दुसऱ्याला द्यायच्या कन्सोलवर कायमचंच असावं. एक लक्षात ठेवायचं, चालू करताना आर ट्रिगर धरला की रिकव्हरी मेनू येतो, एखादा प्लगिन (वरून जोडलेला छोटा प्रोग्रॅम) बिघडून मेनूच उघडेना तर तिथून बंद करता येतो.

२३ फेब्रुवारी

कार्ड. मेमरी स्टिकच्या आकाराचा अडॅप्टर आणि त्यात ६४ जीबी मायक्रोएसडी. दोन कार्डांचा अडॅप्टर पण मिळतो, पण तो डेटा दोन्ही कार्डांवर वाटून टाकतो, एक कार्ड गेलं की सगळंच गेलं, म्हणून एकाचाच घेतला.

६४ जीबीचं कार्ड नवीन असताना एक्सफॅटमध्ये येतं, ते पीएसपीला कळत नाही, फॅट३२ लागतं. पीएसपीतूनच फॉरमॅट केलं, फोल्डर पण तोच बनवून देतो. फॅट३२ ची ४ जीबीच्या फाइलची मर्यादा इथे आड येत नाही कारण यूएमडीच मुळात १.८ जीबीची. मोठ्या फाइल कार्ड रीडरने कॉपी करतोय, पीएसपीच्या यूएसबीवरून फार रखडतं.

दादाचे सेव्ह नव्या कार्डावर टाकले. रेसिंग गेम उघडला, सगळ्या गाड्या जागेवर. फोटो काढून त्याला पाठवला.

१ मार्च

डिस्कच्या कॉपी. सगळा खटाटोप ज्याच्यासाठी केला ते काम.

मेनूवर सिलेक्ट दाबलं की कस्टम फर्मवेअरचा छोटा मेनू येतो, त्यात यूएसबी डिव्हाइस मेमरी स्टिकऐवजी यूएमडी डिस्क करायचं. मग केबल लावून यूएसबी कनेक्शन चालू केलं की कॉम्प्युटरवर एक ड्राइव्ह उघडतो आणि त्यात एकच आयएसओ फाइल, तीच आपली डिस्क. ती ओढून कॉम्प्युटरवर घ्यायची आणि मग कार्डावर आयएसओ फोल्डरमध्ये टाकायची. वेगळा ड्राइव्ह नको, वेगळं सॉफ्टवेअर नको, पीएसपी स्वतःच डिस्क रीडर होतो. किती सुंदर सोय आहे ही!

वेळ लागतो, त्याची घाई करू नये. ड्राइव्हचा आवाज ऐकत बसलो: एकसारखी घरघर असेल तर ठीक, मधेच कट्-कट् करून थांबला, परत फिरला, तर त्या जागी ओरखडा आहे असं समजायचं. डिस्क कवचात असते पण मागे लेझरसाठी भोक मोकळंच आहे, धूळ तिथूनच जाते. काही डिस्कची पारदर्शक खिडकी कडेने सुटलीये, ती बोटाने आत दाबून टाकली तर डिस्क घासली जाईल, म्हणून अशा डिस्क ड्राइव्हमध्ये घालण्याआधी कवच नीट चिकटवून घेतलं.

आयएसओवरून गेम किती पटकन लोड होतो ते बघून थक्क झालो. पूर्वी ज्या शर्यतीच्या आधी लोडिंगचं चक्र फिरत बसायचं तिथे आता थांबावंच लागत नाही म्हटलं तरी चालेल. आणि ड्राइव्ह फिरत नाही म्हणून बॅटरी पण जास्त टिकते.

हे आपल्याकडच्या डिस्कसाठी आहे, माझं तरी तसंच. ज्याच्या डिस्क आहेत त्याच्यासाठी ही त्याचीच वस्तू टिकवून ठेवणं आहे.

२ मार्च

सीपीयूचा वेग. पीएसपीचा प्रोसेसर ३३३ मेगाहर्ट्झचा, पण सुरुवातीला सोनीने गेम्सना २२२ वरच बांधून ठेवलं होतं, बॅटरीसाठी. २००७ मध्ये ३.५० आवृत्तीपासून ३३३ खुलं झालं. कस्टम फर्मवेअरमध्ये कुठल्याही गेमला ३३३ देता येतं. ज्या जुन्या गेममध्ये गर्दी झाली की चित्र अडखळतं तिथे उपयोग आहे, मी एकाला लावून ठेवलंय. सगळीकडे ३३३ लावून ठेवणारे पण असतात, मला ते पटत नाही, जो गेम २२२ वर सुरळीत चालतोय त्याला जास्त वेग देऊन फक्त बॅटरी खर्च होते.

होमब्रूमध्ये दुसऱ्या जुन्या कन्सोलचे गेम चालवणारे प्रोग्रॅम टाकले: गेमबॉय अॅडव्हान्ससाठी जीपीएसपी, झकास चालतं. मेगा ड्राइव्हसाठी पिकोड्राइव्ह, ते पण छान. सुपर निन्टेंडोला मात्र फ्रेम सोडायला लागतात. १००० मध्ये रॅम ३२ एमबीच, २००० पासून ६४ झाली, त्यामुळे काही होमब्रू आणि जड प्लगिन इथे चालणारच नाहीत. प्लगिन कमीत कमी ठेवले, प्रत्येक प्लगिन त्याच ३२ मध्ये वाटा मागतो.

वाय-फाय बंदच ठेवतोय. ८०२.११बी, आणि मूळ फर्मवेअरला डब्ल्यूपीए२ ही वाय-फायची सुरक्षा पद्धत कळत नाही, याच्यासाठी घरच्या राउटरची सुरक्षा खाली आणणं चुकीचं, कोणी करू नका. दोन पीएसपी शेजारी ठेवून अॅड-हॉकवर, म्हणजे थेट एकमेकांना जोडून, खेळायला राउटर लागत नाही, ते चालू आहे.

८ मार्च

आठवडाभर रोज वापरला. अॅनालॉग ठीक. बॅटरी ठीक, मागचं झाकण सपाट बसतंय. एकदाही अडकला नाही.

दादाला दिला. त्याने हातात घेतल्या घेतल्या पहिलं यूएमडीचं दार उघडून बघितलं, "डिस्क नाहीये यात!" मी म्हटलं मेनूत बघ. बघितलं, आणि मग तो शर्यतीत घुसला तो घुसलाच.

त्याला सांगून ठेवलंय, महिनोन्महिने वापरणार नसशील तर बॅटरी साधारण अर्धी चार्ज करून बाहेर काढून ठेव, पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवू नकोस.

बाकी राहिलेलं: एक डिस्क कॉपी होताना दर वेळी एकाच जागी अडतेय. लेन्स साफ केली, फरक नाही, बाकीच्या डिस्क नीट वाचल्या जातात म्हणजे दोष डिस्कचा असावा. मित्राकडे ३००० मॉडेल आहे, त्याच्या ड्राइव्हवर वाचली जाते का ते पुढच्या आठवड्यात बघायचं, त्याच्यावर पण आर्क टाकायचंच आहे.